केव्हा आली, अन् केव्हा चालली?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका माहेरवाशिणीने केलेले भाषण. बोलण्यातले थोडे गाळले आहे, बाकी जसेच्या तसे.)



सचिव काकांचा फोन आला. म्हणाले, "तू इतकी वर्षं बाहेर राहिली, दहा मिनिटं परदेशाबद्दल काहीतरी सांग." मी म्हटलं, काका, परदेश आता सगळ्यांच्या मोबाइलमध्येच आहे. त्यापेक्षा मी सुट्टीत घरी येण्याबद्दल बोलते. ते मला अजून नीट जमलेलं नाही, म्हणून त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

लेआउटच्या कोपऱ्यावर गाडीतून उतरलं की पहिला प्रश्न येतो, "केव्हा आली?" आणि श्वासही न घेता दुसरा, "अन् केव्हा चालली?" पहिली काही वर्षं मला या दुसऱ्या प्रश्नाचा राग यायचा. अजून बॅग उघडली नाही अन् तुम्ही मला पाठवायला निघाले! मग लक्षात आलं की विचारणारी काकू मनातल्या मनात वार मोजत असते. सोमवारी उपास, बुधवारी तिच्याकडे पाहुणे, मग गुरुवारी हिला जेवायला सांगू. तो प्रश्न वडाभातासाठी असतो.

बाबा वेकोलित होते, हे बहुतेकांना माहीत आहे. त्यांनी इथे प्लॉट घेतला तेव्हा समोर सोयाबीनचं वावर होतं, अन् पावसाळ्यात चपला हातात घेऊन घरी यावं लागायचं. मी २००४ साली लग्नानंतर दोहाला गेले. ह्यांचं बांधकामातलं काम, मी तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवते. तेव्हा जायचं म्हणजे आधी उमरेडहून नागपूर, मग विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, तिथे मावसभावाकडे मुक्काम, मग विमान. महिन्याच्या सुट्टीतले तीन-चार दिवस रस्त्यातच जायचे. २०१५ च्या डिसेंबरात नागपूरहून थेट दोह्याचं विमान सुरू झालं आणि सगळं पालटलं. आता चार-साडेचार तासांत पोचते. लहानपणी आम्ही छोट्या गाडीनं कुही करत करत इतवारीला जायचो, तेव्हा कंटाळून झोप लागायची. ती नॅरोगेजही २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. माझ्या मुलाला ती दाखवायची राहून गेली. दर वेळी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत नेऊ.

इथे एक सांगते, कारण आपल्याकडे "फॉरेन" म्हटलं की सगळं एकच समजतात. अमेरिकेत गेलेला माणूस बरीच वर्षं रांगेत राहून का होईना, तिथला होऊ शकतो. आखातात तसं नाही. वीस वर्षं राहिलो तरी आमचा निवासपरवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की सामान आवरायचं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर तो परवाना जातो. म्हणजे आई आजारी पडली अन् वर्षभर इथे राहावं म्हटलं, तर तिकडचं घर मोडूनच यावं लागेल. पूर्वी तर देश सोडायलाही मालकाची परवानगी लागायची. २०१८ साली कायदा बदलला आणि बहुतेक कामगारांची ती अट गेली. त्याआधी एकदा सासूबाईंना वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं होतं, आणि ह्यांच्या कंपनीत सही करणारा साहेब शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीवर. तिकीट खिशात आणि माणूस घरात येरझारा घालतोय. सासूबाई वाचल्या. पण ते दोन दिवस मी विसरले नाही.

शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हाच सगळे निघतात, म्हणून तिकिटं तेव्हाच सर्वांत महाग. म्हणून मी तुम्हाला कायम पावसातच दिसते. पोळा कधी मिळतो, कधी दोन दिवसांनी चुकतो. वीस वर्षांत आईच्या हातची दिवाळी तीनदा मिळाली.

आता माझी चूक सांगते. बरीच वर्षं सुट्टी म्हणजे मला वाटप वाटायचं. पूर्वी टँग, निडो, बदाम, टायगर बाम. आता ते सगळं नागपुरात मिळतं, तरी बॅग भरायची सवय जात नाही. माझ्या शाळेतल्या फिलिपिनो बाया तर महिनोन्‌महिने एक भलंमोठं खोकं भरत असतात, साबणापासून डब्याबंद मटणापर्यंत, आणि जहाजाने घरी पाठवतात. त्याला त्या बालिकबायन बॉक्स म्हणतात. बालिकबायन म्हणजे मायदेशी परतणारा. मी त्यांना हसायचे. पण त्यांचं खोकं एकटं तरी घरी जातं, आमची बॅग घेऊन आम्ही दारोदार फिरतो. सकाळी नाश्ता एकीकडे, जेवण दुसरीकडे, चहा तिसरीकडे. प्रत्येक घरी पंधरा मिनिटं, चॉकलेटचं पाकीट, फोटो, "येतो हं." अर्धे दिवस वर्ध्याला सासरी, ते रास्तच आहे. एखादं लग्न अमरावतीला. बँकेचं काम, दाताचं काम.

२०१९ च्या सुट्टीत आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक टिंबं केलेली दिसली. मला वाटलं दुधाचा हिशेब. विचारलं तर म्हणाली, "तू घरी जेवली त्या दिवसाचे आहेत." अठ्ठावीस दिवसांत नऊ टिंबं होती. ती काही तक्रार करत नव्हती, तिला किती कणीक भिजवायची ते कळावं म्हणून करत होती. तरी मी त्या टिंबांसमोर बराच वेळ उभी राहिले.

पुढच्या वर्षी येऊन सगळं नीट करू असं ठरवलं, आणि पुढचं वर्ष म्हणजे २०२०. मार्चमध्ये विमानं बंद. नंतर सुरू झाली ती मोजकी, आणि परतल्यावर हॉटेलात विलगीकरण. एप्रिल २०२१ मध्ये बाबा गेले. त्या महिन्यात नागपूर जिल्ह्यात काय चाललं होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं आहे. आमचं घड्याळ तुमच्या अडीच तास मागे. तिथे उजाडायचं होतं आणि इथे सगळं होऊनही गेलं होतं. आपल्या लेआउटमधली दोन मुलं किट घालून बाबांसोबत गेली. तिसऱ्याने फोन धरला होता, त्यात मी पाहिलं. नावं घेत नाही, त्यांना आवडणार नाही. मी आले ती चार महिन्यांनी. आधी त्यांच्याच घरी गेले. मला रडू येतंय म्हटल्यावर त्यातला एक घाबरला आणि मला त्याची नवीन गाडी दाखवायला बाहेर घेऊन गेला. त्या दिवशी तेच बरं वाटलं.

तेव्हापासून मी घरोघर जाणं बंद केलं. आल्यावर पहिल्या रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर चहा, तर्री-पोहे. ज्यांना भेटायचं त्यांनी यावं. बाकी दिवस घरी. याने काही माणसं दुखावली. "आता मोठी झाली, आम्ही भेटायला जायचं" असं बोललं गेलं, मला कळलं. एक मावशी अजून बोलत नाही. तिचंही चुकत नाही, तिच्या लेखी पाहुण्याने उंबरा चढायचा असतो. तिच्याकडे मात्र मी या वेळी गेले. दार उघडलं, चहा दिला, बोलली नाही. बघू.

आता एक तक्रार, आणि ती तुमच्यापैकीच काही जणांविरुद्ध आहे. मागच्या पावसाळ्यात, मी परत गेल्यावर पंधरा दिवसांनी, आई न्हाणीघरात पडली. शेजारच्यांनी तिला गाडीत घालून नागपूरला नेलं, मनगटाला प्लास्टर घातलं, आळीपाळीने डबा दिला. याचे उपकार मी कसे फेडू मला माहीत नाही. पण मला कळलं तीन आठवड्यांनी! रोज रात्री व्हिडिओ कॉल होत होता आणि आई हात पदराखाली ठेवत होती. आणि शेजारच्या काकू मागून सांगत होत्या, "सगळं मस्त आहे, तू काळजी नको करू." मी विचारलं काहून लपवलं, तर म्हणाल्या, "तू आत्ताच तर गेली होती. तिकिटाला पैसे लागतात. तुझ्या आईनं शपथ घातली."

काकू, तुमचा जीव मोठा आहे. पण मला लपवू नका. मी तिथे बसून काही करू शकत नाही, हे खरं. पण रोजच्या फोनवर माझा विश्वास राहिला नाही, तर दुरून मला दुसरं काही उरत नाही. आता मी कॉलवर आईला दोन्ही हात वर करायला लावते. ती चिडते.

इथे परदेशी मुलं असलेली मी एकटीच नाही. माझ्या माहितीत आपल्या लेआउटमध्ये आणखी सहा घरं आहेत, आणि त्यातली दोन आता कुलूपबंद असतात. म्हणून सचिव काकांना विनंती केली, ती त्यांनी मान्य केली आहे. कार्यालयात एक वही ठेवू. एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाचा रक्तगट, चालू गोळ्या, डॉक्टरचा नंबर, मुलांचे नंबर, आणि दुसरी चावी कोणाकडे आहे ते. आमच्या घराचं पान मी काल भरलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं आहे, "मुलीला त्याच दिवशी कळवणे." आईने त्यावर सही केली, दोन दिवस विचार करून.

मी रविवारी पहाटेच्या विमानाने चालले. आईने अनारसे केले आहेत. आखातात खसखशीवर बंदी आहे, म्हणून माझे अनारसे ती तिळात थापते आणि इथल्यांसाठी खसखशीत. डबे चुकून बदलू नयेत म्हणून माझ्या डब्याला लाल दोरा बांधला आहे. भिवापुरी मिरचीचं तिखट वेगळ्या पिशवीत. काल संध्याकाळी बॅग किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणली. दोन किलो जास्त भरली. काय काढायचं त्यावर आमचं अजून चाललं आहे.

कॅलेंडरवर या वेळी एकोणीस टिंबं आहेत, आज दुपारचं धरून. रात्री इथेच सगळ्यांसोबत जेवायचं आहे, त्याचं टिंब करायचं की नाही, ते आईला विचारावं लागेल.