शिक्का वाचा, मग फळी घ्या



आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल असते. अशा घरात कपाट करायचे, तर प्लायवुड कोणते घ्यावे, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी आमची फजिती ऐका. निवृत्त झाल्यावर आम्ही एक कपाट करून घेतले. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ही फळी पाण्याला दाद देणार नाही." आम्ही मान डोलावली. पस्तीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले, पण फळीवरचा शिक्का काही वाचला नाही! दुसऱ्याच पावसाळ्यात कपाटाचा तळ फुगला. आतल्या सातबाऱ्याला बुरशी आली. पैसे गेले ते गेलेच.

असे का झाले? लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवले, की प्लायवुड होते. पाण्याने गोंद सुटला, की पापुद्रे सुटतात. म्हणजे खरी पारख गोंदाची.

ही पारख शिक्क्यावरून होते. 'एमआर' फळी हवेतला दमटपणा सोसते, पाणी सोसत नाही. ती कोरड्या खोलीत चालते. आमची हीच होती. 'बीडब्ल्यूआर' फळी त्याहून बरी. ती स्वयंपाकघरात चालते. 'आयएस ७१०' म्हणजे मरीन प्लायवुड. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून पारखतात. ओल्या भिंतीजवळ, मोरीजवळ हेच घ्यावे.

शिक्का इंग्रजीत असतो. म्हणून घाबरू नका. घरच्या शाळकरी पोराकडून ७१० हे इंग्रजी आकडे पाटीवर काढून घ्या, गिरवा, मग बाजारात जा.

खोटे शिक्केही असतात बरे! आयएसआय खुणेखाली परवान्याचा नंबर असतो. तो फोनमधल्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. बिलावरही ७१० लिहून मागा.

आता सुताराचे काम. पाणी कापलेल्या कडेतून आत शिरते. म्हणून प्रत्येक कडेला रंग द्यायला सांगा. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा. पायांखाली फरशीचे तुकडे घाला.

मरीन प्लायवुड महाग पडते, हे खरे. पैसे कमी असतील तर कपाट लहान करा, पण फळी हलकी घेऊ नका.

आम्हांला वाचता येत होते, तरी आम्ही वाचले नाही. तुम्ही आता वाचायला शिकलात. दुकानात गेल्यावर आधी शिक्का वाचा.