कागदी पिशवींतला वीर

१९३८ सालीं अमेरिकेंतील एका चित्रकथा-मासिकांतून ‘सुपरमॅन’ नांवाचा वीर प्रथम अवतरला, आणि पुढच्याच वर्षीं ‘बॅटमॅन’ त्याच्या जोडीला आला. पहिल्याचें बळ परग्रहावरून आलेलें; दुसऱ्याचें वडिलार्जित संपत्तींतून. तेव्हांपासून या जातीच्या असंख्य वीरांनीं रुपेरी पडदा व्यापला आहे. परंतु ज्याच्यापाशीं परग्रहाचा वारसा नाहीं आणि बँकेंत मोठी ठेवही नाहीं, अशा मनुष्यानें डोळ्यांदेखत अन्याय घडतांना पाहिला, तर त्यानें काय करावें? १ जून २०१८ रोजीं प्रदर्शित झालेला ‘भावेश जोशी सुपरहीरो’ हा हिंदी चित्रपट नेमका हाच प्रश्न विचारतो. त्याचे दिग्दर्शक विक्रमादित्य मोटवाने. आणि त्यांतील वीराची रणभूमि म्हणजे मुंबई.

कथेचें मूळ २०११ सालांत आहे. त्या वर्षीं ५ एप्रिलला अण्णा हजारे यांनीं दिल्लींत जंतरमंतर येथें लोकपाल कायद्यासाठीं उपोषण आरंभिलें, आणि राळेगणसिद्धीच्या या वृद्ध कार्यकर्त्याच्या मागें शहरोशहरींचे तरुण उभे राहिले. डिसेंबरांत मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्यांचें उपोषण झालें, तेव्हां मात्र गर्दी विरळ होती. प्रकृतीच्या कारणानें तें दुसऱ्याच दिवशीं आटोपलें. भरती सर्वांना दिसते. ओहोटीनंतर वाळूवर काय उरतें, हें पाहावयास थोडेच थांबतात. मोटवाने थांबले आहेत.

त्यांच्या कथेंत भावेश, सिकंदर आणि रजत हे तीन मित्र आहेत. आंदोलनाच्या उत्साहांत ते ‘इन्साफ टीव्ही’ नांवाची हौशी चित्रवाहिनी चालवितात. वेष काय, तर किराण्याच्या दुकानांतील कागदी पिशवी डोक्यावर ओढावयाची आणि डोळ्यांपुरतीं दोन भोंकें पाडावयाचीं! शस्त्र काय, तर एक कॅमेरा. रस्त्यावर नियम मोडणाऱ्यास गांठावें आणि सर्वांदेखत जाब विचारावा, इतकीच त्यांची करामत. प्रेक्षक हंसतो, परंतु हंसतां हंसतां त्याच्या ध्यानांत येतें कीं, असा जाब विचारण्याचें धाडस आपणांस कधीं झालें नव्हतें.

पुढें वर्षें जातात. सिकंदरला संगणक-क्षेत्रांत नोकरी लागते, अमेरिकेला जाण्याची संधि येते. पारपत्रासाठीं पोलिसांची चौकशी व्हावयाची असते, आणि ती लवकर उरकावी म्हणून तो हात ओले करतो. चित्रपटांतील सर्वांत मर्मभेदक प्रसंग हाच होय. येथें खून नाहीं, दरोडा नाहीं; चारचौघे जें करतात तेंच त्यानें केलें. परंतु भावेश अद्यापि २०११ सालींच उभा आहे. मैत्रींत तडा जातो, तो या क्षुल्लक रकमेमुळें नव्हे. एकजण वयानें मोठा झाला आणि दुसऱ्यानें मोठें होण्याचें नाकारलें, म्हणून.

भावेश ज्या गुन्ह्याच्या मागें लागतो, त्याची निवडही विचार करण्याजोगी आहे. जग जिंकूं पाहणारा राक्षस येथें नाहीं. येथें पाण्याची चोरी आहे. १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईला नळाचें पाणी मिळूं लागलें. आज सात जलाशय या नगरीची तहान भागवितात. त्यांपैकीं विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दींत. बाकीचें पाणी ठाणें, पालघर व नाशिक या जिल्ह्यांतून येतें. गल्लोगल्लींच्या झडपा ठरल्या वेळीं फिरविणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यास मुंबईकर ‘चावीवाला’ म्हणतात. एवढ्या अवाढव्य व्यवस्थेचें शेवटचें टोंक अशा एका चावीवर येऊन ठेपलें आहे. ती चुकीच्या हातीं गेली, तर एका वस्तीचे हंडे रिकामे राहतात आणि तेंच पाणी टँकरमधून विकत घ्यावें लागतें. अशा चोरींत रक्त सांडत नाहीं. म्हणूनच ती वर्षानुवर्षें खपून जाते.

कथेच्या मध्यावरच भावेश मारला जातो. ज्याचें नांव चित्रपटाला दिलें, त्यालाच अर्ध्या वाटेंत निरोप देण्याचें धैर्य विरळा. सिकंदर परदेशाचा बेत सोडतो, कराटे शिकतो, काळा मुखवटा चढवितो आणि मित्राचेंच नांव धारण करतो. म्हणजे ‘भावेश जोशी’ ही व्यक्ति न राहतां एक पद होतें. रिकामें झालें तर दुसऱ्यानें भरावयाचें.

तथापि येथूनच चित्रपट निसरड्या वाटेला लागतो. कागदी पिशवी प्रश्न विचारीत होती. काळा मुखवटा मुठीनें उत्तर देतो. मोटारसायकलींचा पाठलाग थरारक आहे खरा, पण प्रेक्षकाला त्यांत आपला चेहरा दिसेनासा होतो. मुखवटा दुर्बळाला सूडापासून वांचवितो हें निर्विवाद; परंतु तोच त्याला जबाबदारींतूनही मोकळा करतो. मुखवट्यामागच्या माणसाकडून चूक झाली, तर तिचा जाब कोणी कोणाला विचारावा?

या ठिकाणीं एका मराठी चित्रपटाचें स्मरण अपरिहार्य आहे. २००५ सालच्या ‘डोंबिवली फास्ट’ मध्यें माधव आपटे हा बँकेंतील कारकून रोजच्या लाचलुचपतीला विटून असाच पेटून उठतो. त्याला मुखवटा नाहीं, टोपणनांव नाहीं. म्हणून त्याच्या प्रत्येक कृत्याचा भार त्याच्याच डोक्यावर पडतो, आणि म्हणूनच त्याची शोकांतिका अधिक खोल जाते. योगायोग असा कीं, त्या चित्रपटाचे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनींच ‘भावेश जोशी’मध्यें पाणीचोरीच्या मागें असलेल्या राणा या पुढाऱ्याची भूमिका केली. ज्यानें आपटे घडविला, त्यानेंच आपट्यांचा शत्रू रंगविला. तोही आरडाओरड न करतां, शांत आवाजांत. २०२० सालीं कामत यांचें निधन झालें.

चित्रपटगृहांतून ‘भावेश जोशी’ लवकरच उतरला. त्याचे चाहते पुढें घरोघरींच्या पडद्यांवर जमले. त्याच्या अपयशाचें एक कारण कदाचित् असें असेल: परग्रहावरचा वीर प्रेक्षकाकडून टाळ्यांपलीकडे कांहींच मागत नाहीं. भावेश मागतो. आणि त्याची मागणी काळ्या मुखवट्याची नाहीं, कराट्याची तर नाहींच. चौकशीसाठीं आलेला शिपाई दारांत घुटमळतो तेव्हां खिशाकडे जाणारा हात आवरावा, आणि कागद चार आठवडे उशिरां आला तरी चालेल असें म्हणावें, एवढीच ती आहे. सिकंदरला मित्र जिवंत असतांना तेवढेंच जमलें नव्हतें.