चालकाची दृष्टि आणि गाडीची घडण

मोठ्या मालमोटारीच्या डाव्या दाराशीं सायकलस्वार उभा असतो. हिरवा दिवा लागतो, मोटार डावीकडे वळते, आणि मागाहून चालक सांगतो, ‘तो मला दिसलाच नाहीं.’ बहुधा तें खरेंच असतें. इंजिनावर चढविलेली बैठक आणि दाराची उंच कड यांच्या आड माणूस पुरता झांकला जातो. आपले चिरंजीव सायकलवरून शाळेस जात असतील, तर त्यांना एवढें अवश्य सांगावें: चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्यास दिसत नाहीं.

आरसे वाढवावे, हा नेहमींचा उपाय. पण बहिर्गोल आरशांत प्रतिमा लहान व वांकडी पडते. शिवाय सहा आरसे एकदम न्याहाळणें चतुर्मुख ब्रह्मदेवासच साधावें! लंडनच्या वाहतूक खात्यानें करविलेल्या प्रयोगांत, कांचेतून थेट पाहणारा चालक आरशांतून पाहणाऱ्यापेक्षां ०.७ सेकंद आधीं सावध होतो असें आढळलें. ताशीं २४ किलोमीटर वेगानें तेवढ्यांत गाडी साडेचार मीटरांहून अधिक पुढें जाते.

म्हणून त्या शहरानें १२ टनांवरील मालमोटारींस दृष्टीच्या हिशेबानें शून्य ते पांच तारे ठरविले. मार्च २०२१ पासून निदान एक तारा, ऑक्टोबर २०२४ पासून तीन. नाहींतर जादा संरक्षक साधनें बसवावीं, अशी सक्ति केली.

बैठक खालीं आणून दारास खालपर्यंत कांच लावली, कीं तोच सायकलस्वार दिसूं लागतो. विलायतेंतील कचऱ्याच्या गाड्यांत अशी बैठक फार आधींपासून आहे. मात्र ती कामगारांस वरचेवर चढउतार करणें सोपें जावें म्हणून!