पऱ्हाटीच्या पानावरची वस्ती

हैदराबाद, नागपूर, अकोला आणि परभणीहून आलेले संशोधक आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऐन वेचणीच्या दिवसांत तुम्ही मजूर सोडून आदिलाबादेत आलात, याची किंमत मला कळते. इथं कापसाचा भाव तेलुगूत, मराठीत, गोंडीत, कोलामीत आणि उर्दूत विचारला जातो. 1956 पर्यंत आदिलाबाद, नांदेड, परभणी एकाच हैदराबाद राज्यात होते आणि गावरानी कापूस सगळीकडे पिकत होता. पुढं राज्यं वेगळी झाली. कपाशीच्या पानांवरचा दहिया रोग मात्र आजही पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सारखाच पडतो.

मी शास्त्रज्ञ नाही, कापूस पिकवणारा माणूस आहे. स्वागताध्यक्षानं हार-तुऱ्यांपुरतंच बोलावं, ही रीत ठाऊक असूनही आज थोडं लांबवणार आहे, कारण पानावरच्या सूक्ष्मजीवांचा हा विषय माझ्या रोजच्या फवारणी पंपाशी जोडलेला आहे.

आम्ही पान कोरं समजत आलो. त्यावर डाग दिसला की रोग आला आणि रोग आला की औषध मारायचं. शास्त्र सांगतं, पान कधीच कोरं नसतं. निरोगी दिसणाऱ्या पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 10 लाख ते 1 कोटी जिवाणू असतात. यीस्ट आणि बुरश्या वेगळ्याच. माती, वारा, पाऊस, किडे आणि खुद्द सरकी यांतून ते येतात. पानातून झिरपणारी थोडीशी साखर, थोडा ओलावा आणि वर रणरणतं ऊन, एवढ्यावर ही वस्ती तगते. रोगजंतूला पर्णरंध्रातून आत शिरायचं असेल, तर आधी या वस्तीत जागा मिळवावी लागते.

ज्युरिखच्या युलिया फोरहोल्ट यांच्या प्रयोगशाळेनं 2011 साली अराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर हे दाखवलं. स्फिंगोमोनास जातीचे जिवाणू आधीच पानावर असले, तर स्यूडोमोनास सिरिंगे या रोगजंतूला तिथं नीट वाढता येत नाही. 2020 मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी याची दुसरी बाजू मांडली. झाडाच्या काही जनुकांत बिघाड केला, की पानातले नेहमीचेच जिवाणू बेसुमार वाढतात, त्यांचा मेळ बिघडतो आणि बाहेरून रोगजंतू न येताही पान पिवळं पडून करपतं. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणजे दर वेळी बाहेरचा चोरच शोधत बसायला नको.

आता आमच्याकडं या. कपाशीवर कोनात्मक ठिपके दिसले, की कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि सोबत स्ट्रेप्टोसायक्लीन, हा वर्षानुवर्षांचा पाठ. ठिपके देणारा झॅन्थोमोनास त्यानं मरतो, पण शेजारचे निरुपद्रवी जिवाणूही मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत पुढं कोण वाढतं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढू नयेत, म्हणून केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये शेतीतल्या, याच स्ट्रेप्टोसायक्लीनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनवर बंदीचा मसुदा काढला. माझी विचारणा त्याआधीची आणि साधी आहे: औषध सुचवताना ते पानावरच्या इतरांचं काय करतं, हेही शिफारशीत लिहाल का?

आणि लाल्या? त्यात तर बहुतेकदा जंतूच नसतो. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडतं, रात्री थंडावतात, पान लाल होतं आणि आम्ही बुरशीनाशक मारून मोकळे होतो. दुकानदारालाही ते बरं असतं.

जैविक पावडरींबद्दलही स्पष्ट बोलतो. रोग रोखणाऱ्या स्यूडोमोनास फ्लुरोसन्स जिवाणूची पावडर घरी नेऊन भर दुपारी फवारली, तर आमच्या उन्हात त्यातले किती जगणार? हरितगृहात उतरलेलं यश काळ्या रानात का उतरत नाही, याचं एक उत्तर इथंच आहे. परक्या मुलखातला जिवाणू आणण्यापेक्षा इथल्याच पऱ्हाटीवर, इथलं ऊन सोसून राहिलेले जिवाणू शोधावेत, असा माझा आग्रह आहे. पूर्वी आमचे आजे सरकी शेणमातीत चोळून पेरत. त्यामागं सूक्ष्मजीवशास्त्र होतं असा दावा मी करत नाही. केसाळ सरकी एकमेकींना चिकटू नये एवढाच हेतू. आज ती गंधकाम्लानं साफ होऊन येते आणि त्यानं बियाण्यातून येणारा करपा कमी होतो, हा खरा फायदा आहे. पण मग बियाण्यासोबत येणाऱ्या चांगल्या सूक्ष्मजीवांचं काय, हे तपासायला हरकत नसावी.

दोन दिवस निबंध वाचले जातील, चर्चा होतील. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक सत्रात एक तरी प्रश्न शेतकऱ्याला विचारू द्यावा, आणि उत्तर त्याच्या भाषेत द्यावं. उद्या सकाळी जैनथकडच्या रानात जायचं आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी फवारलेल्या आणि न फवारलेल्या पट्ट्यांतली पानं तोडू द्यायचं कबूल केलं आहे. गाड्या सहाला निघतील. नमुन्यांच्या पिशव्या आपापल्या आणाव्यात, चहा आमचा.