प्रार्थनेचे शब्द

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक जागतिक प्रार्थनादिनास एकत्र येतात. १९२७ पासून जगभर चाललेल्या या उपासनेचे नेतृत्व स्त्रियांकडे असते. दरवर्षी एका देशातील स्त्रिया तिची संहिता रचतात. २०२४ साली ती पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनी रचली. परकीच्या दुःखासाठी आपल्या शब्दांत प्रार्थना करणे सोपे. तिच्याच शब्दांत करावयाची, तर आधी तिचे ऐकून घ्यावे लागते!

महाराष्ट्रास हे अगदीच नवखे नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंच्या हाकेस ओ देऊन शेकडो स्त्रिया नित्य प्रार्थनेस जमत. त्यांना शास्त्र आपल्या बोलीत कळावे, म्हणून रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.