पाळण्यालाही वैरण लागते

श्रोतेहो, येरमाळ्याला येडाईच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचून झाली, की पोरांची झुंबड आकाशपाळण्याकडे. मुंबईत अशी झुंबड गोराईच्या धक्क्यावर असायची. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहानं १९८९ साली तिथं एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान उभं केलं. मार्वेहून किंवा बोरिवलीकडून बोटीनं खाडी ओलांडायची, की समोर उंच वळणदार रूळ आणि आनंदानं किंचाळणारी माणसं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम हे पाण्याच्या खेळांचं उद्यान आलं. कोविडच्या काळानं तडाखा दिला आणि पुढं एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबले. वॉटर किंगडम मात्र चालू राहिलं.

लोक म्हणतात, मोबाइल आले, मॉल आले, म्हणून पोरं फिरकेनाशी झाली. असेलही. पण असं उद्यान म्हणजे दावणीची म्हैस! दूध देवो न देवो, वैरण रोजची. दुष्काळात आपल्या जिल्ह्यानं चारा छावण्यांत हेच पाहिलं. फाटक बंद असलं तरी मोटारीला वंगण हवं, ब्रेकची तपासणी हवी. त्यात गोराईची खारी हवा. लोखंड नुसतं उभं राहिलं तरी गंजतं. शिवाय काही वर्षांनी नवं वेत हवं, म्हणजे नवा खेळ. नाहीतर म्हैस भाकड.

अमेरिकेतही तेच. नॉर्थ कॅरोलिनात मॅगी व्हॅलीच्या डोंगरावर १९६१ साली ‘घोस्ट टाउन इन द स्काय’ सुरू झालं. काउबॉयचं लाकडी गाव, भर रस्त्यात लुटुपुटूचा गोळीबार. वर जायला तारेवरच्या खुर्च्या. गर्दी ओसरत होतीच, पण २००२ मध्ये त्या खुर्च्या मधेच थांबल्या, माणसं अधांतरी अडकली आणि उद्यानाला टाळं लागलं. २००७ मध्ये ते पुन्हा उघडलं, २००९ मध्ये दिवाळं निघालं.

वैरण, श्रोतेहो, वैरण! तिकिटाचे पैसे दिसतात, वंगणाचे दिसत नाहीत.

 

तेव्हा यंदा यात्रेत लेकराला पाळण्यात बसवण्याआधी चालकाला विचारा, आज नटबोल्ट कोणी आवळले? समोरचा दांडा खाली घेतल्यावर खटका बसला का, ते हात लावून पाहा. आणि गावकारभाऱ्यांनो, तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय पाळणेवाल्याला जागा देऊ नका.