कौसानीस जाण्यापूर्वी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवी सहलीची आखणी आपण ऐकलीच आहे : चार दिवसांत नैनिताल, राणीखेत, अल्मोडा आणि कौसानी. माझी नम्र सूचना अशी, की यांतील पहिली तीन नावे वगळावीत व एकटे कौसानी ठेवावे.

उत्तराखंडातील बागेश्वर जिल्ह्यातले हे सुमारे 1890 मीटर उंचीवरचे लहानसे गाव. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने निघाले, की पहाटे काठगोदाम येते. तेथे लोहमार्ग संपतो. पुढे अल्मोडा, सोमेश्वर असा पाच-सहा तासांचा वळणावळणाचा रस्ता. त्यात आणखी मुक्काम कोंबले, तर हिमालयापेक्षा मोटारीच्या खिडक्याच अधिक पाहिल्या जातील.

कौसानीला जायचे ते हिमशिखरांच्या दर्शनासाठी. 7120 मीटरचे त्रिशूळ, 7816 मीटरची नंदादेवी आणि पूर्वेकडे पंचचुली. मात्र शिखरे आपल्या वेळापत्रकाने दर्शन देत नाहीत. पावसाळ्यात ढग आणि उन्हाळ्यात धुरकट हवा आड येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश निवळते, तेही विशेषतः पहाटे. तीन रात्री एकाच ठिकाणी राहिल्यास तीन पहाटा मिळतात. एखादी ढगांनी नेली, तरी आशा उरते.

दिवसाही तेथे वेळ सार्थकी लागतो. 1929 च्या जूनमध्ये गांधीजी येथे राहिले आणि ‘अनासक्तियोगा’ची प्रस्तावना त्यांनी येथेच लिहिली. ती जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. कवी सुमित्रानंदन पंतांचे हे जन्मगाव. जवळच गोमतीकाठी बैजनाथाची प्राचीन मंदिरे आहेत. आणि मूळच्या इंग्लंडच्या सरलाबेन सेवाग्रामहून येथे आल्या व 1946 मध्ये त्यांनी पहाडी मुलींसाठी लक्ष्मी आश्रम स्थापन केला. एका शाळेच्या महोत्सवी यात्रेला याहून समर्पक ठिकाण कोणते? मात्र तेथे मुली शिकत असतात, म्हणून आधी पत्राने परवानगी घ्यावी आणि मगच जावे.

आणखी एक विनंती. आपण साठ जण एकदम उतरलो, तर ज्या शांततेसाठी जायचे तीच आपल्या पायांखाली जाईल. पहाडातले पाणीही जपून वापरण्याचे असते. म्हणून वीस-वीसांचे तीन गट करावेत आणि ध्वनिवर्धक घरीच ठेवावा.

आपल्या शाळेच्या पहिल्या वर्गातील मंडळी आता सत्तरीकडे झुकली आहेत. त्यांतील काहींची हिमालयाशी ही पहिली भेट असेल, कदाचित एकमेवही. ती घाईत उरकलेली नसावी. चार गावांची छायाचित्रे आणण्यापेक्षा एका गावात त्यांच्या शेजारी निवांत बसून उजाडताना पाहणे मला अधिक मोलाचे वाटते. समितीने याचा विचार करावा, ही प्रार्थना.